शेवटच्या घराचं माप

१

दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी साडेबाराच्या बसने मी वर जुन्या गावात जायचे, कानियोकडे जेवायचे, कड्याचं माप घ्यायचे आणि चारच्या बसने खाली परत यायचे. एकतीस वर्षं हा नेम चुकला नाही. नवरा गेला त्या आठवड्यातसुद्धा गेले होते. लोक म्हणाले, बाईला काळीज नाही. काळीज होतं, पण वहीही होती, आणि वही दुसरं कुणी लिहिणार नव्हतं.

आमचं गाव सेर्राफोस्का चिकणमातीच्या एका लांब सोंडेवर वसलंय. पाऊस झाला की सोंडेचं टोक थोडंथोडं दरीत जातं. १८८८च्या मार्चमध्ये तर एका सकाळी टोकावरची अख्खी वस्तीच गेली. एक्केचाळीस घरं, पावाची भट्टी, कारंजं आणि माणसं. त्या वस्तीला बोर्गो म्हणायचे. त्यानंतर ठरलं, की जे घर कड्याच्या सगळ्यात जवळ उरेल त्याच्या मागच्या भिंतीपासून कड्यापर्यंतचं अंतर दर महिन्याला मोजायचं आणि वहीत लिहायचं. दहा मीटरच्या खाली आलं की घर रिकामं करायचं, मग आतला माणूस कुणी का असेना. मोजायचं कुणी, यावर म्हणे सहा महिने भांडण चाललं. महापौराचा पाद्र्यावर विश्वास नव्हता, पाद्र्याचा महापौरावर नव्हता आणि गावाचा दोघांवरही नव्हता. शेवटी शाळेत इतिहास-भूगोल शिकवणाऱ्याच्या गळ्यात ते काम पडलं. माझ्याआधी तीन मास्तर होऊन गेले. चौथी मी, दोनाता तेलेस्का. निवृत्त झाले तरी मोजणं आणि लिहिणं माझ्याकडेच राहिलं, कारण नवीन मास्तरांना उंचावर चक्कर येते.

माझ्या मापाने सहा घरं रिकामी झाली. लोकांनी शिव्या घातल्या, एक म्हातारी माझ्या बुटांवर थुंकली. पण आकडा खोटा आहे असं कुणी कधी म्हणालं नाही. त्याचा मला अभिमान होता, आता लपवून काय करायचं.

सातवं घर माझ्या भावाचं होतं.

कानियो माझ्याहून तीन वर्षांनी लहान. बायको, असुन्ता, गेल्यापासून त्या घरात एकटाच. बाकी सगळी गल्ली केव्हाच खाली स्टेशनजवळच्या नव्या गावात उतरली होती. मी त्याला दोन वर्षं सांगत होते, ये माझ्याकडे राहायला. तो ऐकायचा नाही. आमच्या घरात माझं न ऐकणं हे त्याचं लहानपणापासूनचं काम. एप्रिलमध्ये माप दहा मीटर वीस सेंटिमीटर आलं. घरी येऊन मी मागच्या खोलीला रंग देऊन घेतला. मे किंवा फार तर जून. मग कायदाच त्याला बखोटीला धरून माझ्याकडे आणणार होता.

२

"या, मास्तरीणबाई," कानियो दारातूनच म्हणाला. "आलात माझी कबर मोजायला?"

"आधी तुझं डोकं मोजायला हवं. भाजी जळतेय बघ."

"जळत नाहीये, खरपूस होतेय. तुला कळत नाही त्यातलं."

जेवलो. पास्ता, काबुली चणे, आणि तेलात तळलेल्या वाळवणाच्या लाल मिरच्या. त्याने नेहमीप्रमाणे माझ्या ताटातल्या दोन मिरच्या पळवल्या. मग तो आडवा झाला. आमच्याकडे दुपारच्या जेवणानंतर तीन तास कुणी बाहेर पडत नाही. खिडक्यांच्या झडपा लागतात, कुत्रीसुद्धा जिन्याखाली जातात. लहानपणी आम्हाला सांगायचे, या वेळेला रस्त्यावर जे चालतं ते आपलं नसतं. मी शाळेत पोरांना सांगायचे, अरे, ऊन लागू नये म्हणून म्हातारे घाबरवतात. बसच्या वेळा अशा, की माझं माप नेमकं याच वेळेला.

मागचं दार उघडलं, भिंतीतल्या खिळ्याला टेपची कडी अडकवली आणि सरळ चालत गेले. शेवटचा एक मीटर उशी टाकून पोटावर सरकत जावं लागतं. सहासष्टाव्या वर्षी ते दृश्य काही देखणं नसतं. हात पुढे करून कडा चाचपला, टेप ताणली, वाचलं.

दहा मीटर साठ.

तीनदा मोजलं. खिळा वाकलाय का पाहिलं. पोलादी टेप उन्हाने वाढते, पण दहा मीटरला दोन-तीन मिलिमीटर. मग एप्रिलचं माप चुकलं असेल? मी चुकत नाही असं नाही, पण चाळीस सेंटिमीटर म्हणजे माझा कोपरापासून पुढचा अख्खा हात.

"किती?" कानियो पडल्यापडल्या ओरडला.

"साठ."

"वर दहा?"

"वर दहा."

तो इतका हसला की त्याला खोकला लागला. "चर्चमध्ये मेणबत्ती लावतो तुझ्या नावाने! आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बाजूने बोललीस."

खाली येऊन पालिकेतल्या वहीत मी दहा-साठ लिहिलं आणि सही केली. रागच आला होता मला, आकड्याचा.

३

जूनमध्ये बारा मीटर पंधरा आलं.

या वेळी मी पोटावर सरकले तेव्हा छातीखाली माती नव्हती. नदीतले गोल गोटे होते, ओळीने बसवलेले, मध्ये पाणी वाहायला उथळ खाच. फरसबंदीचा दीड मीटर लांबीचा तुकडा. मी हाताने चाचपून पाहिला. गोटे उन्हाने तापले होते आणि पक्के होते. खालून दरड सरकली की कधीकधी वरचा भाग उचलला जातो, हे मला ठाऊक आहे. पुस्तकात आहे ते. जुनी गाडली गेलेली फरसबंदी वर येऊ शकते, असं मी स्वतःला सांगितलं. फक्त गोट्यांच्या फटीत गवताचं एक पातंही नव्हतं, त्याचं पुस्तकात काही नाही.

तिथे तशीच पडून राहिले थोडा वेळ. कानाशी दरीचा वारा होता. आणि वाऱ्यात, कुठून तरी पुढून, जिथे तीनशे मीटर खोल पोकळी आहे तिथून, ताटं एकावर एक ठेवल्याचा आवाज आला. मग लाकडी झडप ओढून घेतल्याचा. मग तळलेल्या मिरच्यांचा वास.

आत येऊन पाहिलं तर कानियोची कढई धुऊन पालथी घातलेली होती.

"तू आत्ता काही तळलंस?"

"निजलो होतो ना मी. वास ना? रोज येतो या वेळेला. वारा आणतो खालून."

"खालून? स्टेशनपासून?"

"मला काय विचारतेस, भूगोल तुझा विषय."

चारच्या बसने घरी आले आणि बूटही न काढता बाल्कनीत गेले. नवं गाव दरीत आहे, त्यामुळे माझ्या बाल्कनीतून कानियोच्या घराची मागची बाजू समोर, वर दिसते. डोळे बारीक करून पाहिलं. मागची भिंत, तिच्यातली छोटी खिडकी, खाली उभा करडा कडा. गोटे नाहीत, दोन मीटर जास्तीची जमीन नाही. उलट, खालून तर मला भिंत आणि कडा यांत दहा मीटरसुद्धा दिसेनात. लांबून अंतर कळत नाही, हेही मी पोरांना शिकवलेलं आहे. दुर्बीण होती कपाटात. ती काढायला उठले आणि मग काढली नाही.

४

पालिकेत माझी वही जपतो तो जेरार्दो. माझाच विद्यार्थी, भूगोलात दोनदा नापास. जुलैचं माप बघून तो खुर्चीतून उठलाच.

"एकोणीस मीटर चाळीस! अहो बाई, म्हणजे गाव वाढतंय की!"

"गावं अशी वाढत नाहीत, जेरार्दो."

"तुमचाच आकडा आहे ना? सही तुमचीच आहे. मग? कानियोकाकांच्या घराची नोटीस तयार होती माझ्याकडे, टाकू फाडून? एकोणीसला कोण हलवणार त्यांना."

त्याला काय सांगणार होते मी? की या वेळी फरसबंदीच्या डाव्या अंगाला एक दगडी उंबरठा लागला, मधोमध झिजून खोलगट झालेला? की उंबरठ्यापुढची जागा झाडलेली होती, धुळीत खराट्याच्या रेघा होत्या, आणि मी तिथे बोट लावलं तर धूळ ओलसर होती, पाणी शिंपडून झाडल्यासारखी? हे बोलले असते तर त्याने माझ्यासाठी डॉक्टर बोलावला असता, आणि ते त्याचं बरोबरच असतं. आणि समजा मी खोटा आकडा लिहिला, नऊ-ऐंशी वगैरे, तर कानियो दुसऱ्या दिवशी माझ्या घरी. एका सहीचं काम. पेन हातातच होतं. पण एकतीस वर्षं मी लोकांना त्यांच्या घरातून आकडा दाखवून उठवलं होतं. भावासाठी आकडा फिरवला तर ती म्हातारी माझ्या बुटांवर थुंकली ते योग्यच होतं, असं मला वाटलं.

"फाड नोटीस," मी म्हणाले.

आणि खरं सांगायचं तर मला कानियोचीच जास्त भीती वाटायला लागली होती. जुलैत गेले तेव्हा गल्लीकडच्या झडपा बंद होत्या आणि मागची खिडकी सताड उघडी. त्याने दाढी केली होती. असुन्ता गेल्यावर पहिल्यांदाच.

"बरा दिसतोस," मी म्हणाले.

"शेजार लागलाय जरा. म्हणजे, सोबत वाटते."

"कसला शेजार? गल्लीत चिमणी नाही."

त्याने चमच्याने मागच्या दाराकडे दाखवलं. "तिकडे. आवाज असतात ना घरातले. भांडी, खुर्च्या. कुणी हाक मारत नाही, काही मागत नाही. बरी माणसं आहेत. मला कुणी शिकवत नाही तिथे."

"कानियो, तिकडे दरी आहे."

"मग मोज ना," तो म्हणाला आणि हसला. "तूच तर मोजतेस."

५

ऑगस्टचा पहिला गुरुवार. जेवणं आटोपली. कानियो भांडी घासत बसला आणि मी तीस मीटरची टेप घेऊन मागचं दार उघडलं.

दारासमोर गल्ली होती.

कडी खिळ्याला अडकवली. हात आपोआप चालले, सवयीने. मग चालायला लागले. पायाखाली गोटे, दोन्ही बाजूंना बुटकी, चुन्याने रंगवलेली घरं, झडपा दुपारसाठी लावलेल्या. बोर्गोचा नकाशा मी एकतीस वर्षं फळ्यावर काढला होता. डावीकडे भट्टी, उजवीकडे नालबंदाचं दुकान, त्यापुढे कारंज्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या. सगळं जिथल्या तिथे होतं. आणि हे मला कबूल करायलाच हवं, की एक क्षण, अगदी एकच क्षण, मला आनंद झाला. माझा नकाशा बरोबर होता. नंतर त्या आनंदाचीच मला सगळ्यात जास्त शिसारी आली.

तीस मीटरला टेप संपली. गल्ली पुढे चालूच होती.

मी उभी राहिले. ऊन डोक्यावर, माझी सावली पायाशी. वारा नव्हता, दरीवर वारा नसतो असं कधी होत नाही. आणि मग माझ्या हातातल्या टेपला मागून दोन हलके हिसके बसले. दोन माणसं मोजत असली की खिळ्याकडचा माणूस पुढच्याला असे दोन हिसके देतो. म्हणजे, मी धरलंय, तुम्ही वाचा. जुन्या मास्तरांबरोबर मी अशीच शिकले होते.

वळून पाहिलं. भिंतीपाशी कुणी नव्हतं. टेप ताठ होती.

आणि सगळ्या गल्लीत झडपांच्या पट्ट्या हळूच उघडल्या. मोठ्या नाहीत, दोन बोटं मावतील एवढ्याच. बाहेर कोण आलंय हे दुपारी झोपमोड झालेली माणसं बघतात तशा. बोटं दिसली मला. बोटांच्या मागे काय होतं ते मी पाहिलं नाही. पाहायचं नाही असं ठरवून, मान खाली घालून मी परत निघाले. भट्टीच्या शेजारच्या घराचं दार मात्र उघडं होतं, आणि ते माझ्या वाटेवरच होतं.

आत टेबल होतं. टेबलाभोवती माणसं जेवत होती. अंधारामुळे मला त्यांचे हात तेवढे दिसले, पाव मोडणारे. दाराकडे पाठ करून एक जण बसला होता, बनियन घातलेला, मानेवर उन्हाने पडलेल्या सुरकुत्या, कानामागे लहानपणी खुराड्याच्या पत्र्याने कापल्याचा व्रण. त्याचे खांदे हसण्याने हलत होते. त्याने हात लांब करून शेजारच्या ताटातली मिरची उचलली.

"कानियो!" मी ओरडले.

तो वळला नाही. पण समोरून, त्याच्या स्वतःच्या घरातून, कानियोचा आवाज आला. "काय आहे? का बोंबलतेस भर दुपारी?"

तो मागच्या दारात उभा होता. ओले हात, खांद्यावर फडकं.

कशी धावले ते आठवत नाही. त्याला धरून आत ढकललं, दाराला कडी घातली, वर खुर्ची लावली. टेप बाहेरच राहिली.

"आत्ताच्या आत्ता चल माझ्याबरोबर. कपडे नंतर आणू."

"तुला ऊन लागलंय, दोना. बस, पाणी पी."

"तिथे तू बसलायस! मी पाहिलं तुला, त्यांच्यात!"

त्याचा चेहरा पडला जरासा. त्याने फडकं घडी घालून ठेवलं, उगाचच. "मलाही दिसतो कधीकधी," तो म्हणाला. "मी काही बोलत नाही त्याला."

"आणि तरी इथे राहतोस?"

"असुन्ता या घरात गेली. मी खाली तुझ्या रंग दिलेल्या खोलीत काय करू? तू मला सकाळी उठवणार, बनियन बदल म्हणणार, बडीशेपेच्या गड्ड्यांची भाजी खायला घालणार. नाही येत मी. काय करायचं ते कर."

चारची बस गाठेपर्यंत आम्ही भांडलो. लहानपणी भांडायचो तसे. मला रडू येत होतं आणि मी त्याला गाढव म्हणत होते. तो दारापर्यंत आला आणि म्हणाला, "पुढच्या महिन्यात येशील ना? मिरच्या आण खालून, माझ्या संपल्यात." हे त्याचं शेवटचं बोलणं.

६

बसमधून उतरून तशीच पालिकेत गेले. वहीत लिहिलं, आठ मीटर नव्वद. सही केली.

जेरार्दोने आकडा पाहिला, माझ्याकडे पाहिलं. "बाई, मागच्या महिन्यात एकोणीस होते."

"दरड गेली."

"एकदम दहा मीटर?"

"जेरार्दो, तुला भूगोलात मी दोनदा नापास केलंय. तिसऱ्यांदा करायला लावू नकोस. उद्या सकाळी बंबवाल्यांना पाठव."

सकाळी चर्चच्या पायऱ्यांवर मी थांबले. गल्लीत जायला मला मनाई होती, घर रिकामं होताना मोजणाऱ्याने हजर राहायचं नाही असा जुना दंडक आहे. मारामाऱ्या व्हायच्या म्हणून. मला कानियोच्या शिव्या ऐकायची तयारी होती. तो दार लावून घेईल, कढई फेकेल, चौघांनी उचलून आणावा लागेल. अर्ध्या तासात ते आले. पुढे कानियो, चालत, हातात लहान बॅग. मागे बंबवाले टोप्या काढून घाम पुसत होते.

"काही त्रास नाही झाला," त्यांचा प्रमुख म्हणाला. "मागच्या खोलीत तयार होऊनच बसले होते. पण बाई, एक सांगा. तुम्ही आठ मीटर नव्वद लिहिलंत?"

"हो."

"कुठे मोजलंत? मागचं दार उघडलं तर पाय ठेवायला जागा नाही. कडा भिंतीला लागलाय. माझा पोरगा पडताना वाचला." तो माझ्याकडे नीट पाहत होता. "मला तर वाटतं बरेच महिने तसंच असणार. हे घर उभं कसं राहिलं, देव जाणे."

म्हणजे मला वेड लागलं असेल, असं मनात आलं, आणि खरं सांगते, जीव भांड्यात पडला. मी म्हातारी झाले, डोळे गेले, ऊन लागलं. भाऊ कड्याच्या काठावर झोपत होता आणि मी वहीत एकोणीस लिहीत होते, पण तो जिवंत हाती लागला होता. प्रमुखाने एक कागद पुढे केला. एक इसम, सुखरूप, बहिणीच्या ताब्यात. मी सही केली.

"चल, कानियो," मी म्हणाले.

"तू म्हणशील तसं," तो म्हणाला.

७

आज अकरावा दिवस. गल्लीच्या तोंडाला विटांची भिंत घातली आहे, कुणी आत जाऊ नये म्हणून.

तो शांत आहे. सकाळी हाक मारायच्या आत उठतो. बनियन रोज बदलतो. पहिल्या दिवशी बडीशेपेची भाजी केली, मुद्दाम केली, त्याने सगळी संपवली आणि ताट धुऊन ठेवलं. मी म्हटलं, आवडली? म्हणाला, छान झालीय. तिसऱ्या दिवशी मी त्याला गाढव म्हणून पाहिलं, क्षुल्लक कारणावरून. तो माझ्याकडे पाहून हसला. पाचव्या दिवशी भाजी चिरताचिरता सहज विचारलं, बोर्गोत कारंज्याला किती पायऱ्या होत्या रे? नकाशात अकरा आहेत. तो म्हणाला, "अकरा. आणि एक अर्धी, गवंड्याची बायको बाळंत झाली त्या दिवशी राहिली ती तशीच." आणि पाव मोडून खाऊ लागला. त्याच्या कानामागे व्रण आहे. मी पाहिला, तो झोपला असताना, दोनदा.

आज जेवणं झाली. तो मागे भांडी घासत होता. मी झडपा लावायला बाल्कनीत आले आणि सवयीने वर पाहिलं.

कानियोच्या घराची मागची खिडकी उघडी होती. खिडकीत एक माणूस होता, कमरेपर्यंत बाहेर वाकलेला, पांढऱ्या बनियनमधला. एवढ्या लांबून चेहरा दिसत नाही. पण तो दोन्ही हात डोक्यावर नेऊन खाली आपटत होता, कावळे हाकलल्यासारखे, पुन्हा पुन्हा. असा चिडून हात आपटणारा मला अख्ख्या जगात एकच माणूस माहीत आहे. तो मलाच खुणावत होता. तो ओरडत असणार, त्याला ओरडल्याशिवाय हात हलवताच येत नाहीत. इथपर्यंत काही ऐकू येत नव्हतं. मग तो थांबला आणि त्याने मागे वळून पाहिलं, खोलीत. परत माझ्याकडे वळला तेव्हा हात आपटत नव्हता, ते नुसते पुढे केलेले होते.

विटांची भिंत पाडायला एक दिवस लागेल. जेरार्दोला सांगायला पाच मिनिटं. पण कागदावर एक इसम मी ताब्यात घेतलेला आहे, आणि तो माझ्या स्वयंपाकघरात आहे. आणि पाण्याचा आवाज थांबला होता.

"दोना," तो मागून म्हणाला. किती मायेने म्हणाला. तो अगदी जवळ उभा होता, साबणाचा वास येत होता त्याच्या हातांना. त्याने वर पाहिलं नाही. पाहायची त्याला गरज नव्हती. "ऊन येतंय आत. लाव ना झडप."

वर कानियोचे हात तसेच पुढे होते.

मी माझ्या हातांकडे पाहत होते. मला इतकी भीती कधी वाटली नव्हती, आणि ती भीती माझ्या भावासाठी नव्हती, माझ्यासाठी होती.

मी झडप लावली.